हात, वीत, चार बोटं

गेल्या महिन्यात नातीनं मला धरूनबांधून पनवेलला कान तपासायला नेलं. घरात सगळ्यांचं म्हणणं, आजी टीव्हीचा आवाज फार मोठा करते. मी म्हटलं, टीव्हीतली माणसं पुटपुटतात त्याला मी काय करू? पण ऐकतंय कोण! तिथे काचेची खोली, कानांवर टोपणं, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिले चार-पाच आवाज छान आले. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, आता नापास होणार. तेव्हा मी अंदाजानं दाबायला लागले, दर श्वासाला एक, असा ताल धरून. बाहेरची मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती. तिनं दार उघडलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, "आजी, गेली दोन मिनिटं मी काही वाजवलेलंच नाही."

नात लाजून चूर. मला मात्र हसू आवरेना, आणि हसता हसता घरतभाऊ आठवले.

भाऊंनी मला याहून लवकर पकडलं असतं. लबाड कान ओळखण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी पुढे मोठमोठ्या इस्पितळांतही पाहिला नाही. दुसऱ्यांचे कान वाचवण्यात त्यांनी वीस वर्षं घातली. मग तीच वेळ त्यांच्या स्वतःच्या कानांवर आली, आणि तेव्हा राखणीला कोण, तर मी. ती हकिकत मी नातवंडांना आजवर सांगितलेली नाही. तीत मी काही फारशी बरी दिसत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून नर्सिंगचा कोर्स करून मी पेणच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. टोपीला इतकी खळ घालायची की टेबलावर ठेवली तरी ती ताठ उभी राही. बूट पांढरे, टाचांचे. पेणच्या पावसात त्यातला डावा बूट पहिल्याच आठवड्यात चिखलात रुतला. तो बहुधा अजून तिथेच असेल.

क्षयाच्या पेशंटांची खोली मागच्या अंगाला होती. तिथे मला नेमलं. आत एक बुटके, काळेसावळे गृहस्थ स्टोव्हवर सिरिंजा उकळत होते. मिशीला तेल, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांनी माझ्याकडे पाठ असतानाच काहीतरी विचारलं.

"काय?" मी म्हटलं.

त्यांनी वळून निळ्या पेनानं एका वहीत काहीतरी टिपलं आणि पुन्हा सिरिंजांकडे वळले. दुपारी ते जेवायला गेल्यावर मी वही उघडून पाहिली. लिहिलं होतं: 'नवी सिस्टर. तीन हातांवरून "काय" म्हणाली. कान चांगला असावा. लक्ष नाही.'

हे कंपाउंडर घरत. सगळे त्यांना भाऊ म्हणत, डॉक्टरसुद्धा. कासूच्या बाजूला, खाडीकाठच्या गावचे. घरची सगळी मंडळी मिठागरावर राबणारी. हे एकटे मॅट्रिक होऊन सरकारी नोकरीत आलेले. बोलणं इतकं हळू की देवळातल्या पुजाऱ्यानंही त्यांना जरा मोठ्यानं बोला म्हणावं. मला वाटायचं, घसा खराब असेल. मग कळलं की हा आवाज त्यांनी मुद्दाम कमावलेला आहे. समोरचा माणूस किती वेळा 'काय' म्हणतो ते मोजण्यासाठी.

त्याचं कारण सांगायला हवं. त्या वेळी क्षयाला स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असे, रोज एक, महिना महिना, दोन दोन महिने. ते क्षयाला मारी, पण काहीजणांच्या कानांतही शिरे. आधी कानात रातकिडा बोलू लागायचा. मग बारीक आवाज जायचे, मग मोठे. गेलेलं परत येत नसे. वेळेवर कळलं तर डॉक्टर इंजेक्शन थांबवायचे, दिवसाआड करायचे, गोळ्यांवर भागवायचे. हे वेळेवर कळणं सगळं भाऊंच्या हाती. कान मोजायचं यंत्र लांब मुंबईला. आमच्याकडे भाऊ आणि त्यांची तपकिरीची रिकामी डबी.

डबीत त्यांच्या भावाच्या मिठागरातलं खडे मीठ असे. पेशंटला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवायचं. भाऊ मागे उभे. तुरीच्या दाण्याएवढे दोन खडे चिमटीत धरून एकमेकांवर घासायचे. अगदी बारीक करकर. ऐकू आली की पेशंटनं बोट वर करायचं. आधी एका हातावरून, म्हणजे भाऊंच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तिथून नाही आली तर वीतभरावरून. तरीही नाही तर चार बोटांवरून. रजिस्टरात प्रत्येक नावापुढे उजव्या-डाव्या कानाचे रकाने आणि त्यांत 'हात', 'वीत', 'चार बोटं'. हाताची वीत झाली की लाल पेन निघे आणि भाऊ डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहत, हटत नसत.

मी हे पाहिलं आणि नाक मुरडलं. पुण्यात शिकलेली बाई मी! मिठानं कान तपासायचे?

त्यात दुसऱ्या आठवड्यात पाहते तर भाऊंनी सिरिंजांच्या भांड्याच्या झाकणावर मीठ पसरून ठेवलेलं.

"भाऊ, ही निर्जंतुक करायची जागा आहे, स्वयंपाकघर नव्हे!" मी टोपी सावरत म्हटलं.

"पावसाचं मीठ गरम करावं लागतं, सिस्टर," भाऊ म्हणाले. "नायतर बोलत नाय ते."

"मीठ बोलत नाही?"

मग त्यांनी मला त्यांची फजिती सांगितली. फार आधीच्या एका श्रावणात सकाळी लागोपाठ सात पेशंट बहिरे निघाले. सातांपैकी एकानंही बोट वर केलं नाही. भाऊंनी घाईघाईनं डॉक्टरांना निरोप धाडला, इंजेक्शनं बंद करा, बाटल्यांत भलतंच काहीतरी आलंय. डॉक्टर अर्ध्या दाढीनिशी धावत आले. आठवा पेशंट मिठागरावरचा म्हातारा होता. तो भिंतीकडे तोंड करून बसला, थोडा वेळ थांबला, आणि मान न वळवताच म्हणाला, "घरताच्या पोरा, मीठ ओलं हाय तुझं."

"मिठागरवाल्याच्या घरात जलमलो आन् ह्यां मना कललं नाय!" भाऊ हसून म्हणाले. तेव्हापासून नियम. प्रत्येक पेशंटाआधी खडे पहिल्यांदा आपल्या कानाशी घासायचे. मीठ बोलतंय याची खात्री झाली की मग दुसऱ्याचा कान.

भाऊंची खरी लढाई औषधाशी नव्हतीच, ती पेशंटांशी होती. गावाकडची माणसं गोळीला औषध मानतच नसत. कोलाडकडचा एक शेतकरी मला म्हणाला होता, "बाय, गोली म्हंजे परसाद. सुई म्हंजे औषध." आणि भाऊंनी कान वाईट ठरवला तर सुई बंद होणार! सुई बंद झाली की आपण मेलो, अशी प्रत्येकाची समजूत. मग कानात रातकिडे काय, वाजंत्री वाजली तरी कोणी कबूल करत नसे. भिंतीवरच्या भाऊंच्या सावलीकडे बघून बोट वर करणारे होते. मानेवर श्वास लागला की बोट वर करणारे होते. भाऊंनी भिंतीला काळं कापड लावलं, तोंडाला रुमाल बांधला.

मग त्यांनी चहाची युक्ती काढली. पेशंट इंजेक्शन घेऊन कमरेवर हात चोळत निघाला की मागून हळूच विचारायचं, "चहा घेनार काय?" जो वळेल त्याचा कान बरा. पंधरा दिवसांत ही बातमी कासूपासून नागोठण्यापर्यंत पोचली. भाऊ मागून चहाचं विचारतात, आपण न चुकता 'हो' म्हणायचं. मग सगळेच निघताना दारापाशी रेंगाळायचे आणि आपण होऊनच 'हो हो' म्हणायचे.

एकदा नागोठण्याचा एक जाडजूड गाडीवान असाच दाराशी रेंगाळला. भाऊ मागून म्हणाले, "काय रं, बायको पलाली काय तुझी?"

"हो भाऊ," गाडीवान म्हणाला, "पन अर्धाच कप."

खोलीत बाकावर बसलेले सगळे फिदीफिदी हसले. मी तर टोपी पडेपर्यंत हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी लाल पेन काढलं, गाडीवानाला खांद्याला धरून परत स्टुलावर बसवलं आणि त्याच्या समोर उकिडवे बसून, ओठ नीट हलवत, म्हणाले, "किती दिस झाले रं बाबा?" त्या आडव्या माणसानं एकदम रडायला सुरुवात केली. मला माझं हसणं कुठे ठेवू असं झालं.

तरीही मी शहाणी झाले नव्हते. डॉक्टरांच्या खणात एक ट्यूनिंग फोर्क होता, ठोकून कानाशी धरायचा लोखंडी चिमटा. मी तो शोधून काढला, ब्रासोनं लखलखीत केला, आणि ठरवलं की आता शास्त्रीय पद्धत. पेणच्या बाजारात भाजी विकणारी चंद्रा नावाची बाई होती. भाऊंच्या मिठानं तिचा उजवा कान 'वीत'. माझ्या चिमट्यानं ठणठणीत. मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की श्रवण नॉर्मल आहे. माझं इंग्रजी आणि माझी टोपी बघून डॉक्टरांनी इंजेक्शन चालू ठेवलं. भाऊ दारात उभे राहिले, पण त्या दिवशी त्यांचं चाललं नाही.

दहा दिवसांनी चंद्रा आली आणि म्हणाली, उजव्या बाजूचं गिऱ्हाईक काय मागतं ते कळत नाही, तोंडाकडे बघावं लागतं.

भाऊ मला रागावतील म्हणून मी वाट बघत बसले होते. ते आले, चिमटा टेबलावर ठोकला आणि माझ्या कानाशी धरला. "कसा आवाज हाय गो?"

'सिस्टर'ची 'गो' त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

"घुमणारा. जाड."

"म्हशीचा. आन् ह्यो?" त्यांनी मीठ घासलं.

"बारीक."

"चिमनीचा. ह्यां औषध आधी चिमनी नेतं गो. म्हस शेवटी जाते. तू म्हस हाय काय ते बघत बसलीस."

चंद्राचं इंजेक्शन त्याच दिवशी थांबलं. डावा कान राहिला. उजव्यातली चिमणी काही परत आली नाही. तिनं मला पुढे कितीदा तरी कोथिंबिरीची जुडी वर घातली, आणि दर वेळी ती घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सांगायचं धैर्य? ते आजही नाही. इथे लिहिलंय तेवढंच.

त्यानंतर मी मीठ शिकले. भाऊंनी माझा हात आपल्या हाताशी लावून पाहिला आणि म्हणाले, तुझी वीत ल्हान हाय, वहीत 'सिस्टरची वीत' असं लिवत जा, नायतर पुढचा माणूस फसंल. वर्षभरानं माझी रोह्याला बदली झाली तेव्हा निरोपाला दवाखान्यानं मला नारळ दिला आणि भाऊंनी तपकिरीची दुसरी एक डबी, भरून.

रोह्याला जाऊन दीडेक वर्ष झालं असेल. एका सकाळी इंजेक्शनच्या खोलीबाहेर बाकावर शेवटी भाऊ बसलेले दिसले. मला वाटलं, सहज भेटायला आले. शेजारी एक उंच, हाडापेरानं मोठी बाई, हातात पिशवी घट्ट धरून. मी हसत बाहेर गेले. भाऊंनी केस पेपर पुढे केला.

क्षय. वीस वर्षं ज्यांच्या खोकल्यापुढे उभे राहिले, त्यांच्यातल्याच कोणाचा तरी. आधी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी कावीळ झाली, इतकी की जिवावर बेतली. त्या बंद. हाताशी राहिलं इंजेक्शन.

"पेणला का नाही घेत?" मी विचारलं.

"पेनला पेशंटांनी मना बाकावर बसलेला बघितला तर निम्मे उद्या पलतील," भाऊ म्हणाले. "म्हनून हतं आलो."

"आन् मना येष्टीत उलटी व्हते ती येगलीच!" ती उंच बाई म्हणाली. तिचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमला. या हिरावहिनी. घरात भाऊंएवढा हळू बोलणारा माणूस, तर कोणीतरी दोघांचं बोलायला हवंच ना. "बाय, तू त्यांची ती सिस्टर काय? शिकलेली? बूट हरवलेली?"

मी मान डोलावली. माझी कीर्ती खाडीपर्यंत पोचली होती.

पहिल्या दिवशी मी भाऊंना स्टुलावर बसवलं, भिंतीकडे तोंड करून. माझी डबी काढली. खडे आपल्या कानाशी घासले. मग हातावरून. दोन्ही कान, दोन्ही वेळा बोट झटकन वर. रजिस्टरात लिहिलं, 'सिस्टरचा हात, सिस्टरचा हात.' भाऊंनी वाचून मान डोलावली. मग टेबलावर कुशीवर आडवे झाले आणि मी माझ्या गुरूला इंजेक्शन दिलं.

रोज कासूहून एसटीनं यायचे, वहिनी बरोबर. पंधरा दिवस 'हात' टिकला. सोळाव्या का सतराव्या दिवशी भाऊ स्टुलावर बसण्याआधीच म्हणाले, "रातकिडा बोलाया लागला." दुसऱ्या कोणी हे आपण होऊन सांगितलं नसतं. त्या दिवशी उजवा कान वीत झाला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिवसाआड केलं. चौथ्या आठवड्यात डावाही वीत.

मग चैत्रातला तो दिवस. बाहेर ऊन असं की दवाखान्याचा पत्रा तडतडत होता. मी भाऊंच्या उजव्या कानामागे वीतभरावर खडे घासले. बोट नाही. चार बोटांवर आणले. बोट नाही.

भाऊ भिंतीकडे बघतच म्हणाले, "सिस्टर, मीठ ओलं हाय."

मी खडे आपल्या कानाशी नेले. खणखणीत बोलत होते.

"हो भाऊ," मी म्हटलं. "ओलंच आहे."

"गरम कर."

मी स्टोव्ह पेटवला, झाकणावर मीठ पसरलं, चिमटीत धरवेना इतकं तापवलं. परत आले. घासलं.

"अजून ओलं हाय."

मी पुन्हा तापवलं. तिसऱ्यांदा माझी बोटं भाजली, त्यांवर पाणी ओतलं. भाऊ सगळा वेळ भिंतीकडेच तोंड करून बसलेले. एकदाही वळले नाहीत. वळले असते तर माझं तोंड दिसलं असतं. ते का वळले नाहीत हे मला समजायला बरीच वर्षं लागली.

"ऱ्हाऊ दे. पुढल्या टायमाला बघू," ते म्हणाले आणि टेबलाकडे गेले.

मी इंजेक्शन दिलं. रजिस्टरात लिहिलं, 'मीठ ओलं. तपासणी पुढच्या वेळी.' पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. ज्या पोरीनं मिठाची थट्टा केली होती, ती आता चैत्राच्या उन्हात ओल्या मिठाची नोंद करत होती, आणि तीन इंजेक्शनं तशीच आत गेली. ती तीन मला अजून मोजता येतात.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी रजिस्टर पाहिलं. "सिस्टर, चैत्रात कुठलं ओलं मीठ?"

त्यांनी भाऊंना आत बोलावलं, वहिनींनाही. डॉक्टर बरे होते. त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाले, गोळ्या घेता येत नाहीत. दुसरं औषध मुंबईत विचारलं, मिळत नाही. इंजेक्शन थांबवलं तर थुंकीतले जंतू परत वाढतील, चालू ठेवलं तर कान जाईल. डोस अर्धा करून बघतो, पण वचन देत नाही.

भाऊंना यातलं बरंचसं ऐकू आलं, उरलेलं डॉक्टरांच्या ओठांवरून. "बंद करा," ते म्हणाले. "कान गेल्यावर मी काय करू? पेशंटांचं काय ऐकू? भिंतीसारखा बसून ऱ्हाऊ घरात?"

"ऱ्हावा," हिरावहिनी म्हणाल्या.

"काय?"

"भिंतीसारखे ऱ्हावा!" त्या ओरडल्याच. "भिंत तर भिंत. मना टेकायला तरी व्हईल. बहिरा चालंल मना, मेलेला नाय चालनार. डागतर, तुमी सुई चालू ठेवा. यांना काय इचारता? यांनी जलमभर दुसऱ्याच्या कानाची कालजी केली, घरात मी काय बोलते ते कवा ऐकलंय?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. भाऊ माझ्याकडे वळले. "सिस्टर, तू सांग."

मी? मला सगळं येत होतं ना. मी पदराचं टोक... नाही, तेव्हा पदर कुठला, युनिफॉर्मच्या खिशात हात घातला. खिशात डबी होती. ती बाहेर काढून मी तिच्याकडे बघत उभी राहिले, जणू तिच्यावर उत्तर छापलंय. शेवटी भाऊच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. तुला बी नाय म्हाईत."

इंजेक्शन चालू राहिलं.

पुढचं सगळं मी लिहून ठेवलं, कारण लिहिण्यावाचून माझ्या हातात काही नव्हतं. डॉक्टर डोस कमी करत होते, मी मोजत होते, आणि कान जात होता. मोजल्यानं तो थांबत नव्हता. उजवा गेला. डावा वीतभरावर काही दिवस अडून बसला, तेव्हा मी रोज देवाला नवस बोलले, अमुक करीन, तमुक सोडीन. मग तोही सरकला. त्या दिवशी मी चार बोटांवर खडे घासले, भाऊंनी बोट वर केलं, आणि मी त्यांच्या समोर येऊन ओठ नीट हलवत म्हटलं, "वीत आहे, भाऊ!"

त्यांनी मान हलवली. "तुझा श्वास लागला मानेला. वीतभरावरून लागत नाय."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, 'सिस्टरची चार बोटं'. मग पेन परत देत म्हणाले, "खोटं नको लिवू गो. तू खोटं लिवलंस तर मागनं येनाऱ्याला काय कलनार, किती दिसांत काय जातं ते?"

मी रडले. रडताना नाक फार मोठ्यानं ओढते अशी माझी ख्याती होती. भाऊंना तेही ऐकू आलं नाही.

त्यातच तोल गेला. हे औषध कानातल्या तोलाच्या जागेलाही लागतं, हे भाऊंनी मला पुस्तकासारखं शिकवलं होतं. आता मी त्यांना रोह्याच्या एसटी स्टँडवर भिंत धरून चालताना पाहिलं. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, सकाळी सकाळीच लावली काय?" वहिनींनी त्याला अशा काही शिव्या दिल्या की गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. भाऊ पायरीवर उभे राहून वहिनींच्या तोंडाकडे आणि त्याच्या तोंडाकडे बघत होते, काय चाललंय ते जुळवत.

ठरलेली इंजेक्शनं पुरी झाली. शेवटच्या दिवशी डावा कान एका बोटावर. त्या मापाला आमच्या रजिस्टरात नाव नव्हतं. मी रकाना मोकळा ठेवला, भाऊंनी त्यात रेघ मारली. थुंकीचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेला पाठवला. भाऊ पुढे पुष्कळ वर्षं जगले असं कानावर आलं, पण नोकरीवर परत गेले नाहीत. माझं लग्न ठरलं आणि बदलीही झाली.

जाण्याआधी थुंकीचा रिपोर्ट आला. जंतू नाहीत. तो पोस्टानं पाठवता आला असता, पण मला तो हातात द्यायचा होता. पावसाळा नुकताच सरला होता. कासूच्या फाट्यावर उतरून मी खाडीकडच्या वाटेनं चालत गेले. या वेळी चपला घातल्या होत्या. गाव लांबून दिसायला लागलं, आणि वाटेच्या खाली मिठागराचे वाफे, अजून नुसत्या पाण्याचे, मधून फूटभर रुंदीचे बांध.

एका बांधावरून दोघं चालली होती, माझ्याकडे पाठ करून. पुढे हिरावहिनी, डोक्यावर पाटी. मागे भाऊ, पाय रुंद टाकत, तळहात पसरून वहिनींच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकवलेला. वहिनी बोलत होत्या. वारा आडवा सुटला होता, शब्द येत नव्हते. पण मोकळा हात सारखा हवेत उडत होता, मान हलत होती, कोणाची तरी खरडपट्टी चालली असावी.

"भाऊ!" मी ओरडले. "वहिनी! रिपोर्ट आला! चांगला आला!"

कोणी वळलं नाही. मी हातातला कागद उंच धरून हलवला. नुसत्या पाण्यापुढे कागद हलवणारी बाई मी. उतरून गाठावं म्हटलं, तर तेवढ्या बांधावर तिसऱ्याला जागा नव्हती, आणि मागून मी घाईनं पाय टाकले असते तर भाऊ दचकून पाण्यात गेले असते.

वहिनी बोलता बोलता थांबल्या. मागचा हात पाठीवर तसाच. मग त्या पुन्हा सुरू झाल्या, जोरात, सगळं अंग हलवून, पाठीवरच्या हाताला ऐकू जावं तशा, आणि भाऊंची मान जराशी मागे गेली. हसले असतील. किंवा पाय सरकला असेल. रस्त्यावरून कळत नव्हतं.